पहिला डीएसएलआर : एकूण ५०,०००, त्यात कॅमेऱ्याला किती आणि बाकीच्या सामानाला किती?

पंचवटीची_पोर

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

डीएसएलआर घ्यायचाय. ५०,००० बाजूला काढलेत, त्यावर एक रुपया नाही. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, घर रामकुंडाजवळ, तोवर हात बसायला हवा. काढायचं काय, तर घाटावरची माणसं, गोदेची आरती, रंगपंचमीची रहाड (रंगीत पाण्याचा जमिनीतला हौद), भाचीचे स्टेजवरचे नाच, आणि जमलंच तर नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी.

काल एम.जी. रोडला चक्कर मारली. एका दुकानात कॅनन १५००डी दोन लेन्ससकट दाखवला. वर बॅग, १६ जीबी कार्ड, ट्रायपॉड, क्लीनिंग किट. 'सगळं फ्री आहे ताई, पन्नासच्या आत बसवून देतो.' घेऊन टाकू का? दुसरीकडे निकॉन डी३५०० चं नाव ऐकलं, पण तो कुठे नवा दिसला नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मिसळ_आणि_मी

आधी मोबाईलने काढलेले दहा फोटो टाका इथे. ते बरे असतील तर कॅमेरा घ्या. बरे नसतील तरी घ्या म्हणा, पण मग दोष कॅमेऱ्याला देऊ नका.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कॅनन विरुद्ध निकॉन सुरू झालं की उठवा.)

नांदूरचा_बगळा

मिसळराव, सकाळी सकाळी नको.

ताई, तुझ्या यादीत पाच गोष्टी आहेत आणि त्यांना किमान तीन वेगवेगळ्या लेन्स लागतात. बॉडीचा विचार त्यानंतर. घाटावरची माणसं किट लेन्समध्ये, म्हणजे १८-५५ मध्ये, आरामात निघतात. आरती आणि नाच हा अंधाराचा मामला आहे. १८-५५ पुढे झूम केली की तिचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, एफ/५.६ वर येतं (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं). ५० एमएम एफ/१.८ लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. नाचात हात-पाय थिजवायचे तर शटर १/२०० सेकंदापेक्षा हळू नेता येत नाही. म्हणजे किट लेन्सवर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० ला जाऊन चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखा फोटो येणार, तोच ५० एमएमवर आयएसओ ८०० च्या आसपास निघतो. हा फरक कुठलीही बॉडी बदलून एवढ्या पैशांत मिळत नाही.

आता पक्षी. १५००डी बरोबर जी दुसरी लेन्स देतात ती ५५-२५०. कॅननचा क्रॉप (लहान सेन्सरमुळे दृश्य जवळ दिसण्याचा गुणक) १.६, म्हणजे ती ४०० एमएमसारखी दिसते. आकडा ऐकायला छान आहे. नांदूरच्या चापडगाव मनोऱ्यावरून चक्रवाकांचा थवा पाण्यात बसलेला असतो ना, तो त्यात मोहरीएवढा येतो. शिकायला पुरे, भिंतीवर लावायला नाही. शिवाय १५००डी सेकंदाला ३ फोटो काढतो, डी३५०० आणि कॅननचाच २००डी मार्क टू ५ काढतात. उडत्या पक्ष्याला हा फरक कळतो, घाटावरच्या बाबाला नाही.

एक काम कर. दुकानात लेन्स हातात घेऊन तिच्या कडेवरची अक्षरं वाच. कॅननवर 'आयएस', निकॉनवर 'व्हीआर' असेल तर हात हलण्यावर थोडा इलाज आहे. निकॉनच्या जोडीच्या किटांत बिगर-व्हीआरची ७०-३०० सर्रास खपवली जायची. ३०० वर ती हातात धरून १/५०० च्या खाली गेलीस की सगळं पुसट. बॉक्सवर दोन लेन्सचं चित्र तेच दिसतं, भावात फरक पडतो तो या दोन अक्षरांचा.

डी३५०० नवा शोधू नकोस, निकॉनने ती ओळच बंद केली. मिळेल तो जुना नाहीतर पडून राहिलेला.

लग्नसराई

फोटोच्या धंद्यात आहे म्हणून लिहितो. त्या 'फ्री'चा हिशोब बघू.

१६ जीबी कार्ड. २४ मेगापिक्सेलची एक रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल २५-३० एमबीची. पाच-सहाशे फोटोंत कार्ड भरलं. आणि ही फुकटची कार्डं हळू असतात. सलग सहा-सात रॉ मारले की कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत बसतो, तोवर आरतीचा दिवा खाली आलेला असतो. ट्रायपॉड. त्याचा मधला दांडा पूर्ण वर काढा, कॅमेरा लावा, बोटाने हलकी टिचकी मारा आणि स्क्रीनवर चित्र किती वेळ डुलतं ते बघा. दुकानातच करा, दुकानदार रागावणार नाही. ५५-२५० लावून पुढून वाकतो तो वेगळाच. क्लीनिंग किटमधलं पाणी आणि ब्रश लेन्सला लावू नका, फडकं ठेवा. बॅग बरी असते, ती एकच वस्तू कामाची.

सांगा, 'हे काही नको, तेवढे पैसे कमी करा.' अर्धे तरी कमी होतात. नाही झाले तर फुकटच्याऐवजी चांगलं एक कार्ड मागा.

माझा हिशोब असा. बॉडी-लेन्सला ३५,००० वर थांबा. उरलेल्या १५,००० पैकी मोठा घास ५० एमएमचा. कॅननची एफ/१.८ एसटीएम साधारण ९-१० हजारांत येते. मग ६४ जीबीची दोन कार्डं, यू३/व्ही३० (वेगाची खूण) लिहिलेली, नावाजलेल्या कंपनीची, बिलासकट. एकच १२८ चं घेऊ नका, मेलं तर सगळं घेऊन मरतं. ३०० रुपयांचा रबरी ब्लोअर. खांद्यावर कापत नाही असा पट्टा. दुसरी बॅटरी ओरिजिनलच. डुप्लिकेट बॅटरी फुगली की कप्प्यातून निघता निघत नाही. १५००डी ची बॅटरी ५०० फोटोंच्या आसपास संपते, डी३५०० ची तिप्पट चालते. म्हणजे स्वस्त कॅमेऱ्यावर बॅटरीचा खर्च जास्त धरायचा, हे कोणी सांगत नाही. ट्रायपॉड या वर्षी नकोच. चांगला ६-७ हजारांखाली येत नाही आणि कुंभाच्या गर्दीत तुम्हाला तो उघडू कोण देणार?

फ्लॅशबद्दल सावध. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या तिघांच्या हॉट शूवर (वरची फ्लॅश लावायची पट्टी) मधली गोल पिनच ठेवलेली नाही. कॅननचे स्वतःचे फ्लॅश चालतात, पण बाजारातले साधे एका पिनचे फ्लॅश आणि ट्रिगर चालत नाहीत. आमच्याकडे पोरं ट्रिगर घेऊन येतात, 'दादा खराब आहे.' खराब काही नसतं. विकत घेण्याआधी शूवर नजर टाका.

आरसा_नको

२०२७ साठी डीएसएलआर घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. निकॉनचा शेवटचा मोठा डीएसएलआर डी६, साल २०२०. कॅननचा १डीएक्स मार्क थ्री, तोही २०२० चाच. दोन्ही कंपन्यांचा सगळा जोर आता मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर. आर५०, आर१०, झेड३०, झेड५०, घ्या की यातलं. डोळ्यावर फोकस आपोआप बसतो, नाचात तर सोन्याहून पिवळं. फोटो काढायच्या आधीच उजेड कसा येणार ते व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) दिसतं. मेलेल्या माउंटमध्ये (लेन्स बसते त्या जोडात) पैसे कशाला घालायचे?

(झेड३० ला व्ह्यूफाइंडर नाही, उन्हात घाटावर त्रास होईल, हे प्रामाणिकपणे सांगतो.)

नांदूरचा_बगळा

@आरसा_नको, तुमचं फोकसचं म्हणणं खरं. नवा कॅमेरा आणि पाऊण लाख असतील तर मीही तेच सांगेन. पण ५०,००० मध्ये नवा मिररलेस घेतला की किट लेन्सवर गाडी थांबते. १.८ ची लेन्स पुढच्या दिवाळीला, टेली (लांबचं काढायची लेन्स) त्याच्या पुढच्या. तोवर सिंहस्थ होऊन जाईल. उलट लोक मिररलेसकडे पळतायत म्हणूनच चांगले डीएसएलआर आणि लेन्स जुन्या बाजारात पडेल भावाने येतायत. माउंट मेलं असेल, पण त्याच्या लेन्स फोटो काढायच्या थांबलेल्या नाहीत. कॅननचं ईएफ माउंट १९८७ पासूनचं आहे, तेव्हाची ईएफ लेन्स आजही १५००डी वर बसते आणि फोकस करते.

मिसळ_आणि_मी

अवांतर : आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले, पन्नास पौंडांना. विमा पॉलिसी गहाण टाकून! आणि नुसता कॅमेरा नव्हे, फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही घ्यावं लागलं. म्हणजे कॅमेऱ्यापाठोपाठ सामानाचा खर्च ही नाशिक जिल्ह्याची जुनी परंपरा आहे. पोरीने त्या मानाने संयम दाखवलाय.

आता खरंच गप्प बसतो.

कॉलेजरोड_काकू

मिसळ, हे मात्र छान सांगितलंस.

बाळ, तुला चष्मा आहे का? असेल तर व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक बारीक खाचांचं चाक किंवा सरकपट्टी असते, तिने डोळ्याचा नंबर जुळवून घे. आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत फिरवायचं, बाहेरचं दृश्य बघत नाही फिरवायचं. दुकानात कोणी दाखवत नाही, आणि माणसं सगळं पुसट दिसतं म्हणून कॅमेऱ्यालाच नावं ठेवतात.

दुसरं म्हणजे बुरशी. सिंहस्थाची मुख्य स्नानं श्रावण-भाद्रपदात येतात, म्हणजे भर पावसात. आपल्याकडे उन्हाळा-हिवाळा कोरडा म्हणून आपण बेसावध असतो, आणि त्र्यंबकला आषाढात एक दिवस फिरलं की बॅग आतून दमट होते. ती तशीच कपाटात गेली की लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. बॅगेत कॅमेरा ठेवायचाच नाही. हवाबंद झाकणाचा मोठा डबा घे, डाळ-तांदळाचा असतो तो चालेल, त्यात निळी सिलिका जेल टाक. गुलाबी झाली की मंद भाजून घ्यायची, पुन्हा निळी होते. पण स्वयंपाकाची कढई वापरू नकोस, निळ्या रंगातलं रसायन पोटात जायला चांगलं नाही. केशरी मिळाली तर तीच घे. सगळं मिळून पाचशेत होतं. ड्राय कॅबिनेट नंतर, लेन्स वाढल्या की.

पावसात पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) घेऊन जा, त्र्यंबकच्या ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची चकाकी मारतो. उजेड मात्र एक-दीड स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड), तेव्हा आरतीला काढून ठेव. आणि लेन्सच्या झाकणामागे लिहिलेला मिलिमीटरचा आकडा बघून घे, कॅननच्या १८-५५ ला ५८, त्यांच्याच ५० एमएमला ४९. दोन घ्यायची गरज नाही, मोठा घेऊन मध्ये स्टेप-अप रिंग लावायची.

तिवंधा

रहाडीचं कोणी बोललंच नाही. मी लहानपणापासून तिथेच वाढलो, ऐका.

वर्षातून एकदा ही पेशवेकालीन रहाड उघडते. तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनी चौक, प्रत्येकीचा रंग वेगळा. वरून माणूस धप्पा मारतो तेव्हा रंगीत पाण्याचा जो लोट उसळतो त्याचा पल्ला बाहेरून आलेल्याला कळत नाही. तुम्ही सांगताय त्यातला एकही कॅमेरा पाण्यापासून पुरता बंदिस्त नाही. रंगाचं पाणी झूमच्या कड्यातून आत गेलं की दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जाते. हजाराचा रेनकव्हर घ्या, नाहीतर जाड प्लॅस्टिकची पिशवी, हूडभोवती रबरबँड, पुढे तेवढंच भोक. लेन्स घरूनच लावून या, चौकात बदलायची नाही. आणि जमलं तर कोणाच्या तरी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत जागा मागा, आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. तिथून ५५-२५० सोनं आहे. धप्पा मारणाऱ्याचा चेहरा हवेत असतानाच घ्या, १/१००० ला.

पंचवटीची_पोर

अहो किती लिहिलंत सगळ्यांनी! खूप आभार. काकू, हो, चष्मा आहे, आणि मला तो कॅमेरा पुसटच दिसत होता.

आता गुंता वाढलाय. पप्पांनी माळ्यावरून त्यांचा रोलचा निकॉन काढून दिला. त्यावर ५० एमएम एफ/१.८ आहे, 'एएफ निक्कोर', खाली 'डी' लिहिलंय. काच टॉर्चने बघितली, स्वच्छ आहे. म्हणजे जुना डी३५०० घेतला तर ५० एमएमचे दहा हजार वाचतील ना?

लग्नसराई

थांबा! डी३५०० घेऊ नका त्यासाठी.

लेन्स काढून तिच्या मागच्या धातूच्या कड्याकडे बघा. स्क्रूच्या डोक्यावर असते तशी एक बारीक खाच दिसेल. बॉडीतली मोटर त्या खाचेत पाना घालून लेन्स फिरवते, लेन्सला स्वतःची मोटर नाही. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत ती मोटर दिलेलीच नाही. लेन्स बसेल, उजेड मोजेल, पण फोकस हाताने. व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका बघत बघत फिरवायचं. घाटावरच्या साधूला चालेल, भाचीच्या नाचाला नाही.

मोटर हवी तर डी७००० मालिका. डी७२०० जुना शोधा. २०१५ चा आहे, २४ मेगापिक्सेल, ५१ फोकस पॉइंट, दोन कार्डांचे खण, आणि बॉडीला धूळ-पाण्यापासून बऱ्यापैकी सील. वजनाला मात्र ७६५ ग्रॅम, डी३५०० त्याच्या निम्म्याहून थोडासाच वर. हात दुखेल, सवय होते.

त्या लेन्सला अॅपर्चरचं कडं आहे ना, ते २२ वर फिरवून शेजारचा बारीक लॉक सरकवा. नाहीतर स्क्रीनवर 'एफईई' लुकलुकतं आणि शटर पडत नाही.

पंचवटीची_पोर

दादा, गंगापूर रोडवर एक गृहस्थ डी७२०० विकतायत. बॉडी २७ हजारांना, त्यांचीच १८-१४० व्हीआर ११ ला. बिल आहे. रविवारी बघायला जातेय. काय काय तपासू?

लग्नसराई

पप्पांची लेन्स आणि स्वतःचं कार्ड घेऊन जा. आधी बिलावरचा नंबर आणि बॉडीखालचा नंबर जुळतो का बघा. एक जेपीजी काढून घरी आणा, निकॉन त्या फाइलमध्येच शटर किती वेळा पडलंय ते लिहून ठेवतो, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. ४०-५० हजारांच्या आत असेल तर बिनधास्त. लाखाकडे झुकला असेल तर भाव पाडा.

एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ, ती निघते. रेघ दिसली तर ओरखडा, उठून या. झाकण लावून तीस सेकंदांचा फोटो काढा, रंगीत टिंब किती चमकतात ते बघा, दोन-चार चालतात. १८-१४० मधून टॉर्चचा उजेड आरपार पाडा आणि तिरकं बघा, काकूंनी सांगितलेली जाळी तिथे दिसते. झूम फिरवताना मध्येच कचकच लागली तर लेन्स पडलेली आहे. दोन्ही खणांत कार्ड घालून बघा. बॅटरी टेबलावर ठेवा, डुलली तर फुगलेली. रबराच्या पकडी सुटल्यात का बघा, पण त्याने अडत नाही, त्यावरून पाचशे कमी करून घ्यायचे.

ऑनलाइन बोलणी झाली असतील तर आगाऊ पैसे पाठवू नका. माल हातात, मग पैसे.

आरसा_नको

मान्य. या भावात डी७२०० ला मी नाव ठेवणार नाही. फक्त व्हिडिओ काढायचा झाला तर माझी आठवण येईल.

पंचवटीची_पोर

घेतला! ३६ मध्ये दोन्ही. शटर ३१ हजारांवर होतं. पप्पांच्या लेन्सने फोकस होताना घर्रर्र आवाज येतो, पप्पा खूश. कार्डं दोन, ओरिजिनल बॅटरी एक जादा, ब्लोअर, डबा-सिलिका, रेनकव्हर आणि साधी बॅग असं धरून ४५ च्या आत बसतंय. पोलरायझर ६७ चा घ्यावा लागणार, १८-१४० ला तोच आकडा आहे. उरलेले तीन-चार हजार तसेच ठेवते.

पण पक्षी राहिलेच. बगळेदादा, रागावू नका.

नांदूरचा_बगळा

रागावतो कशाला. टेली विकत घेऊच नकोस एवढ्यात. १५०-६०० भाड्याने मिळते, डिपॉझिट आणि ओळखपत्र देऊन. डी७२०० वर ती ९०० एमएमसारखी दिसते. उरलेल्या पैशांत दोन-तीन वेळा सहज आणशील. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ये. शुक्रवारी संध्याकाळी लेन्स उचल, शनिवारी गच्चीतून कावळे-घारींवर हात साफ कर, रविवारी उजाडताना चापडगावला पोच. घेताना लेन्सचं माउंट निकॉनचं आहे ना ते बघ, दुकानात गडबडीत कॅननची हातात ठेवतात. दोन किलोच्या आसपास वजन आहे, कॅमेऱ्याला धरून उचलायची नाही, लेन्सच्या पायाला धरून उचलायची. मोनोपॉड माझ्याकडे जादा पडलाय, तो घेऊन जा.

तिवंधा

आणि रंगपंचमीला गॅलरी पक्की. रेनकव्हर आणा, वरपर्यंत पाणी येतं.